काचेतलं ऊन

ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे निघालं, की बाळकुम, कशेळी, काल्हेर मागे टाकल्यावर पूर्णा गाव लागतं. मेट्रो पाचचे खांब, रात्रंदिवस उभे असलेले कंटेनर आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा, ही आज या गावाची ओळख. पूर्वी इथं भाताची खाचरं होती. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर साठवायला सुरुवात केली आणि एकेका खाचरावर पत्र्याची छपरं चढली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र वाढतच राहिली.

या गावात एक आगरी कुटुंब राहत होतं. घरात आजी, तिचा धाकटा मुलगा, सून आणि नववीत शिकणारा नातू. नातवाला सगळे बाळ्या म्हणत. आजीचा थोरला मुलगा शेजारीच वेगळा राहायचा. त्याचा मुलगा बाळ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. त्याला सारं घर दादूस म्हणे. वडिलोपार्जित जमिनीवर उभ्या राहिलेल्या गोदामाचं भाडं आणि चार टेम्पो, यावर दादूसचा चांगला जम बसला होता. गोदामाच्या एका कोपऱ्यात त्याने वातानुकूलित ऑफिस थाटलं होतं. मन मोठं, हात सैल आणि कोणतीही गोष्ट करायची तर ती सगळ्यात भारी, असा त्याचा स्वभाव.

एके दिवशी त्याने मुंबईतल्या एका दुकानातून बिअर्डेड ड्रॅगन आणला. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, तापलेल्या मध्यभागातला सरडा. शेपटीसकट दीड-दोन फूट भरतो, अंगाने चपटा असतो आणि गळ्याभोवती त्याला काट्यांची झालर असते. भ्याला किंवा चिडला की ही झालर फुगते आणि काळी पडते, म्हणून तो दाढीवाला. ऑस्ट्रेलिया आपल्या रानातले हे सरडे व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही. जगभरात विकले जातात ते इतर देशांत पैदास केलेले. नीट सांभाळला तर तो दहा-बारा वर्षं सहज जगतो. दादूसला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला तो आवडला, म्हणून त्याने घेतला. बाळ्याने त्याचं नाव दाढोबा ठेवलं.

दादूसने दाढोबासाठी खर्च करताना हात आखडला नाही. जाड काचेची मोठी पेटी आली. तिच्यात रंगीत वाळू, नकली झाडं, निळ्या उजेडाची शोभेची पट्टी. पेटी ऑफिसच्या मोठ्या खिडकीशी ठेवली. सकाळी खिडकीच्या काचेतून ऊन यायचं आणि दाढोबावर पडायचं. दादूस येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा, "बघा, कसा ऊन खात बसलाय!" खायला रोज ताजा पालक, कोबी आणि डबीतल्या अळ्या. पाहुणे मोबाइलवर फोटो काढायचे. दाढोबा डोळे मिटून पडून राहायचा. तो शांत स्वभावाचा आहे, असंच सगळ्यांना वाटे.

पावसाळा लागला. दाढोबाने खाणं कमी केलं, मग सोडलं. चालताना पुढचे पाय थरथरू लागले. खालचा जबडा सुजल्यासारखा दिसू लागला. घाईत पेटीची सरकती काच बंद करताना त्याच्या शेपटीचं टोक चिमटलं. काही दिवसांनी ते काळं, वाळल्यासारखं झालं. त्यानंतर एका पाहुण्याला दाखवण्यासाठी त्याला टेबलावर ठेवलं, तेव्हा तो सरकत कडेला गेला आणि खाली पडला. उंची फार नव्हती. पण उचलला तेव्हा त्याचा पुढचा उजवा पाय लोंबत होता.

दादूस घाबरला. कुणी म्हणालं, आता हा जगत नाही. कुणी सुचवलं, "मागे झाडी आहे, तिथं सोडून दे. सरडाच तो, बघेल आपलं आपण." दादूसने बाळ्याला हाक मारली आणि खोक्यात घातलेला दाढोबा त्याच्या हातात दिला. बाळ्या खोका घेऊन झाडीकडे गेला नाही, थेट घरी आला. त्याने आजीला सगळं सांगितलं.

आजीने खोक्यात डोकावून पाहिलं. तिच्या आयुष्यात सरडा हा कुंपणावर दिसणारा प्राणी. पाळायचा प्राणी नव्हे. पण ती म्हणाली, "पाललेला जीव असा सोरून द्याचा नाय. आनला कोनी? आपून. मग निस्तरायचा कोनी?"

त्या रात्री घरात सगळ्यांची माया एकदम जागी झाली. आईने कोमट दुधात हळद घालून ते चमच्याने त्याच्या तोंडाशी धरलं. बाळ्याने वरणभाताचं बोट त्याच्या ओठांवर लावलं आणि जबडा हळूच उघडून घास आत सारला. शेजारच्या काकांनी तापाची अर्धी गोळी कुटून द्यायला सांगितली. आजीला कसं कोण जाणे, ते पटलं नाही, म्हणून गोळी राहिली. आजीने मात्र आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी काढली आणि दाढोबाला तिच्यात गुंडाळून चुलीपासून दूर, अंधाऱ्या खोलीत निजवलं. आजाऱ्याला ऊब आणि अंधार हवा, हे तिने जन्मभर पाहिलेलं होतं.

सकाळी दाढोबाची झालर शाईसारखी काळी झाली होती. अंग गार होतं. पोट फुगलं होतं आणि दुधाचा आंबूस वास येत होता.

बाळ्याच्या वर्गशिक्षिकेने ठाण्यातल्या एका पशुवैद्यक डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. त्या कुत्र्या-मांजरांबरोबर कासवं, इग्वाना अशा प्राण्यांनाही बघत. बाळ्याचे बाबा सुरुवातीला नाखूश होते. "डॉक्टरचं बिल, जाण्यायेण्याचं भाडं. तेवढ्यात दुसरा येईल."

आजी म्हणाली, "दुसरा येल. पन ह्यो नाय येनार."

त्यावर बाबांनी गाडीची चावी घेतली. कशेळीच्या पुलावर नेहमीप्रमाणे कंटेनरची रांग होती. पावसाची झड चालू होती. बाळ्या मांडीवरचा खोका दोन्ही हातांनी धरून बसला होता.

डॉक्टरबाईंनी दाढोबाला तपासण्याआधी घराची चौकशी केली. पेटी कुठे होती? दिवा कोणता? पेटीत गरम जागा किती गरम, गार जागा किती गार? ऑफिसचा एसी किती अंशांवर? खायला काय? बाळ्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्याने सांगितलं. मग त्यांनी दाढोबाचा जबडा दोन बोटांत हलकेच दाबला. हाड रबरासारखं वाकलं. एक्स-रे काढला. निरोगी प्राण्याची हाडं एक्स-रेत पांढरीशुभ्र उमटतात. दाढोबाची धुरकट होती. पुढचा पाय मोडला होता.

"याची हाडं मऊ पडलीयेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून एवढ्याशा पडण्याने मोडली. आजी, लहान मुलांना मुडदूस होतो ना? त्याच जातीचं हे दुखणं."

आजीला मुडदूस माहीत होता. तिच्या तरुणपणी वाकड्या पायांची मुलं गावात असत. तिने विचारलं, "पन ह्याला तर खायला भरपूर व्हता. उन्हात बी ठेवलेला."

"आजी, ते ऊन काचेतून येत होतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. सूर्याच्या प्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यातले काही विशिष्ट किरण कातडीवर पडले की शरीर ड जीवनसत्त्व तयार करतं. ते असेल तरच अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरतं. ते नसेल, तर शरीर गरजेपुरतं कॅल्शियम स्वतःच्याच हाडांतून ओढून घेतं आणि हाडं पोकळ होत जातात. खिडकीची काच उजेड आत सोडते, थोडी धगही सोडते, पण हे किरण अडवते. दाढोबा रोज उजेडात बसत होता आणि रोज उपाशी राहत होता. शोभेच्या निळ्या पट्टीतही ते किरण नव्हते. शिवाय पालक. पालकात कॅल्शियम आहे, पण त्याला बांधून ठेवणारं ऑक्झॅलिक आम्लही आहे. त्यामुळे ते अंगी लागत नाही.

"माणसालाही हे फार उशिरा कळलं," त्या म्हणाल्या. "पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा बर्लिनमध्ये मुडदूस झालेली पुष्कळ मुलं होती. १९१९ साली कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी अशा काही मुलांना अतिनील प्रकाश देणाऱ्या दिव्यापुढे बसवलं, आणि त्यांची हाडं भरत गेलेली एक्स-रेत दिसली. त्याआधी शहरातल्या धुराखाली, गल्ल्यांच्या अंधारात पिढ्यान् पिढ्या वाकड्या पायांची होत होती."

आजी हळूच म्हणाली, "आमी पोरांना त्याल लावून कवल्या उन्हात आंगनात निजवायचो."

"तुम्ही अगदी बरोबर करत होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेच याला हवं होतं."

त्यांनी दाढोबाला कातडीखालून पाणी दिलं, कॅल्शियम दिलं, मोडलेल्या पायाला हलकी पट्टी बांधली. शेपटीचं काळं टोक मेलेलं होतं, ते आणखी वर सरकू नये म्हणून भूल देऊन कापलं. पालीची तुटलेली शेपूट पुन्हा येते, याची येत नाही, हेही सांगितलं. मग त्या बाळ्याकडे वळल्या, कारण इतक्या वेळात एकदाही त्याने खोक्यावरचा हात काढला नव्हता.

"तू याला काल घास भरवलास?"

बाळ्याने मान हलवली.

"मायेने भरवलास, ते मला कळतं. पण याचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. बाहेर ऊब असेल तरच याचं पोट काम करतं. गार पोटात घातलेलं अन्न पचत नाही, कुजतं. दूध तर याला पचतच नाही. आणि आजी, गोधडी ऊब देत नाही. ती आपल्या अंगातली ऊब धरून ठेवते. याच्या अंगात ऊबच नाही, तर गोधडी धरणार काय?"

आजी क्षणभर गप्प राहिली. मग तिने विचारलं, "मंग कराचा काय?"

"क्रम लक्षात ठेवा. आधी ऊब आणि उजेड, मग पाणी, मग घास. हा क्रम उलटा केला तर माया असूनही तो जाईल. मी औषध दिलंय. पण याचा सूर्य तुम्हाला घरी आणावा लागेल. आणि वचन मी देत नाही. मनुष्याचं हाड दीड-दोन महिन्यांत जुळतं. याला त्याहून वेळ लागू शकतो."

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. प्राणी घेतला त्या दुकानाची पावती आहे का? २०१८च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. काही परदेशी प्राणी वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्यांची नोंद मालकाला सरकारकडे करावी लागते. "मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांत कोंबलेले सरडे, साप, कासवं पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यातले कितीतरी वाटेतच मरतात. म्हणून प्राणी कुठून आला हे विचारणं हीसुद्धा त्याची काळजीच आहे. आणि याला रानात सोडायचं तर मनातही आणू नका. आपल्या पावसात हा जगणार नाही. आणि परका प्राणी आपल्या रानात सोडणं रानालाही बरं नाही."

घरी आल्यावर खर्चाचा प्रश्न उभा राहिला. अतिनील किरण देणारी ट्यूब, ऊब देणारा दिवा, तापमापक, कॅल्शियमची पावडर. बाबा हिशोब मांडत असताना दादूस आला. बाळ्याने त्याला सगळं सांगितलं, काचेचंही सांगितलं. दादूस बराच वेळ बोलला नाही. मग त्याने ती मोठी पेटी, नकली झाडं, रंगीत वाळू, सगळं विकून टाकलं आणि ते पैसे आजीच्या हातात ठेवले. "आजी, मी महागातलं महाग आणलं गं. पण त्याला काय लागतं, ते विचारलंच नाही."

दाढोबाचं नवं घर गोदामातल्या सामानातून तयार झालं. जाड लाकडी खोका, तीन बाजूंनी थर्माकोल, वरून बारीक जाळी. एका टोकाला ऊब देणारा दिवा. तिथल्या चपट्या दगडावर चाळीस अंशांच्या आसपास तापमान. दुसरं टोक गार, साधारण सत्तावीस अंश, म्हणजे गरम झालं की त्याला सरकता यावं. ट्यूब डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या अंतरावर लावली, आणि ट्यूब व दाढोबा यांच्यामध्ये काच येणार नाही याची बाळ्याने खात्री केली. तळाला वाळू नाही, साधा कागद; आजारी प्राणी वाळू गिळतो आणि ती पोटात अडकते. भिवंडीच्या पावसाळी हवेत भिंतींना ओल सुटते, वाळवंटातल्या प्राण्याच्या फुप्फुसांना ती सोसत नाही. म्हणून खोका भिंतीपासून हातभर दूर, उंच पाटावर ठेवला.

पहिले काही दिवस घास नाही. सकाळी दिवा लावायचा, अंग तापू द्यायचं, मग कोमट पाण्याच्या उथळ परातीत त्याला थोडा वेळ बसवायचं. पाणी छातीच्या वर जाऊ द्यायचं नाही, हात पोटाखाली ठेवायचा. मग पुसून पुन्हा दगडावर. ड्रॉपरने नाकाच्या टोकावर पाण्याचा थेंब सोडला की तो जीभ काढून चाटे. औषध वेळेवर. पार्सल तोलायच्या छोट्या काट्यावर ठरावीक वारी वजन, आणि ते बाळ्याच्या वहीत.

वजन वाढेना. दाढोबा डोळे उघडायचा, मिटायचा. बाळ्याला धीर निघेना. एका संध्याकाळी त्याने आजीला विचारलं, "भरवू का गं थोडं? नाहीतर तो उपाशी मरेल."

आजी म्हणाली, "आवनी केली का रोप पिवला परतंय. आपल्याला वाटतं, गेला. पन तवा त्याला उपटून बगाचा नसतं. पानी हाय का बगाचा, बांध बगाचा, आन गप ऱ्हायाचा. मूल धरला का त्योच हिरवा होतंय."

बाळ्या गप्प राहिला. पण तो नुसता बसला नाही. त्याने तापमान पुन्हा तपासलं, तेव्हा दगडावरची ऊब पाहिजे त्यापेक्षा कमी भरली. पावसाने हवा गार झाली होती आणि दिवा उंच होता. त्याने दिवा खाली घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी दाढोबा दगडावर चढला आणि तोंड उघडं टाकून बसला. बाळ्याने घाबरून डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अरे, ही तर चांगली खूण आहे. त्याला पुरेशी ऊब मिळाली की तो असंच तोंड उघडून जादा उष्णता बाहेर टाकतो."

मग पहिला घास आला. शेवग्याचा पाला. अंगणातलं शेवग्याचं झाड आजीनेच लावलेलं. बाळंतिणीला शेवग्याची भाजी घालतात, हे तिला आईकडून मिळालेलं ज्ञान; त्यात कॅल्शियम भरपूर असतं, हे डॉक्टरबाईंकडून. पाला बारीक चिरून, त्यात किसलेला लाल भोपळा, कधी जास्वंदीची पाकळी. पैदास केलेले रातकिडे पावडरमध्ये घोळवून, मोजके. रानातले किडे नाहीत, कारण गोदामांच्या आसपास फवारणी होते. आणि काजवा तर चुकूनही नाही. काजव्याच्या अंगात असं विष असतं की एका काजव्यानेही हा सरडा मरू शकतो.

एका रात्री वादळात वीज गेली. पाऊस झोडपत होता, दिवे केव्हा येतील याचा भरवसा नव्हता. खोका गार होऊ लागला. बाळ्या उठला, आजीही उठली. चुलीवर पाणी तापवलं, रबरी पिशवीत भरलं, पिशवीला फडकं गुंडाळलं आणि दाढोबाच्या बाजूला ठेवली. अंगाला चिकटून नाही, कारण याला चटका बसलेला लवकर कळत नाही. आणि मग आजीने तिची ती जुनी गोधडी आणली. या वेळी ती दाढोबावर नाही, खोक्याभोवती गुंडाळली. आत आता धरून ठेवायला ऊब होती. पहाटेपर्यंत दोघांनी आळीपाळीने पाणी बदललं.

पंधरवडे गेले. झालरीचा काळेपणा हटला आणि खाली मातकट पिवळा रंग दिसू लागला. पायांची थरथर थांबली. वहीतला आकडा आधी जागच्या जागी थांबला, मग हळूहळू चढू लागला. पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा हाडांच्या कडा स्पष्ट उमटल्या होत्या. पाय जुळला, किंचित वाकडा. शेपूट बोटभर आखूड राहिली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही ट्यूब दिसायला पेटते, पण वर्षाच्या आत तिचे किरण कमी होतात. उजेड दिसतोय म्हणून समाधान मानू नका. वेळेवर बदला." बाळ्याने ट्यूब लावल्याची तारीख खोक्यावर खडूने लिहून ठेवली.

नवरात्र आलं, ढग सरले. गच्चीवर पहिलं कोरडं ऊन पडलं तेव्हा बाळ्याने दाढोबाला छातीशी धरून वर नेलं. डोक्यावर घारी फिरत होत्या, म्हणून हात सोडला नाही. अनेक महिन्यांनी, कदाचित जन्मात पहिल्यांदाच, त्याच्या पाठीवर काचेशिवायचं ऊन पडलं. त्याने अंग चपटं केलं, पाठ उन्हाकडे पसरली आणि डोळे मिटले. ऑफिसच्या पेटीतही तो असाच डोळे मिटून पडे. पण आता त्याचा रंग उजळत होता आणि तो चारी पायांवर अंग पेलून होता.

दादूस पाहायला आला. ऑफिसात आता नवं फर्निचर झालं होतं आणि दाढोबाची चौकशी करणारे पाहुणे अजूनही येत. बाळ्याच्या मनात धाकधूक होती, की दादूस त्याला परत मागेल. दादूसने दाढोबाला तळहातावर घेतलं, त्याचा वाकडा पाय पाहिला, आखूड शेपूट पाहिली. मग तो बाळ्याच्या हातात परत देत म्हणाला, "मी याला काच दिली. तुम्ही ऊन दिलंत. हा तुमच्याकडेच राहू दे. ट्यूबचे पैसे दर वर्षी माझ्याकडून." आणि त्याने तो शब्द पाळला. कुणी नवा प्राणी घेण्याचं बोललं, की तो आधी विचारू लागला, "तो कुठला आहे? तिथं किती ऊन पडतं? काय खातो? बघणारा डॉक्टर जवळ आहे का?" या चार प्रश्नांवर बहुतेकांचा बेत तिथंच थांबे.

बाळ्याचंही एक बदललं. गल्लीतली मुलं कुंपणावरच्या साध्या सरड्याला दगड मारत. तो मान वर-खाली करतो, म्हणजे आपल्याला चिडवतो, असं ती मानत. पूर्वी बाळ्याही त्यांच्यात असे. आता त्याने मुलांचा हात धरला आणि दाढोबाही तशीच मान हलवतो हे त्यांना घरी नेऊन दाखवलं. तो चिडवत नाही, ही माझी जागा आहे असं दुसऱ्या सरड्याला सांगतो. त्या गल्लीत दगड थांबले.

या गोष्टीत दाढोबाचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. दादूसने पैसे ओतले, आईने दूध दिलं, बाळ्याने घास दिला, आजीने आपली गोधडी दिली. प्रत्येकाने आपल्याजवळ होतं ते, आपल्याला आवडतं ते, आपल्याला सोपं वाटतं ते दिलं. दाढोबाला काय लागतं, ते मात्र कुणीतरी विचारावं लागलं. विचारल्यावर तीच माणसं, तीच माया, तीच गोधडी कामाला आली. म्हणजे माया खोटी नव्हती. ती आंधळी होती, आणि समजुतीने तिला डोळे आले.

हे केवळ सरड्यापुरतं नाही. आजारी म्हाताऱ्याला आपण ताट भरून वाढतो आणि त्याला हवं असतं कुणीतरी शेजारी बसणं. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला आपण महागडा क्लास लावतो आणि त्याला हवी असते झोप. समोरच्याचं दुखणं कळण्याआधी केलेला उपचार बहुधा आपल्याच मनाचं समाधान करतो. म्हणून घरात एखादा जीव आणायचा असेल, मग तो कुठलाही असो, तर आधी त्याचं ऊन कोणतं ते शिका, आणि ते देणं जमणार नसेल तर त्याला आणू नका. आणलाच असेल, तर तो दुखण्यात पडल्यावर त्याला वाऱ्यावर सोडू नका. माया करा, पण आधी विचारा: तुला काय हवंय?